पक्षीमित्र डॉ. सलीम अली

पावसाळा सुरू झाला, की भोर आणि वेल्हे भागातील भाताची खाचरे पाण्याने भरून जातात. लावणीची धांदल उडते. विहिरीच्या काठच्या बाभळीवर सुगरण पक्षी आपली घरटी विणू लागतात. शाळेत येता-जाताना ती लोंबणारी घरटी तुम्ही पाहिली असतील. सुगरणीला उर्दूत बया म्हणतात. नाव निराळे, पक्षी तोच. पुढे पीक तयार झाले, म्हणजे याच सुगरणींचे थवे खाचरांवर उतरतात आणि शेतकरी हातात गोफण घेऊन त्यांना हाकलू लागतो.

आता विचार करा. हा पक्षी शेतकऱ्याचा शत्रू आहे, की मित्र? दाणे खातो, म्हणून तुम्ही त्याला शत्रू म्हणाल. पण घरट्यातल्या पिलांना तो काय भरवतो, हे तुम्ही पाहिले आहे का? पिलांना तो अळ्या आणि टोळ-नाकतोडे भरवतो. हेच किडे शेतातली पिके खातात. म्हणजे एकच पक्षी एका महिन्यात पीक राखतो आणि दुसऱ्या महिन्यात पीक खातो. त्याला शत्रू किंवा मित्र ठरवण्यापूर्वी त्याच्याकडे वर्षभर नीट पाहायला हवे. असे नीट पाहण्यात ज्यांनी आपले सारे आयुष्य वेचले, त्या डॉ. सलीम अली यांची ही जीवनकथा आहे.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. सर्व भावंडांत ते धाकटे. ते एक वर्षाचे असताना वडील वारले आणि तीन वर्षांचे असताना आईही गेली. आई-वडिलांच्या मायेला पारखी झालेली ही मुले त्यांचे मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी सांभाळली. मामा-मामींना स्वतःचे मूल नव्हते. खेतवाडीतील त्या मोठ्या घरात सलीम वाढले.

अमिरुद्दीन मामा शिकारीचे शौकीन होते. त्यांनी भाच्याला एक छऱ्याची बंदूक भेट दिली. त्या काळी मुले अशा बंदुकीने चिमण्या मारत आणि शिजवून खात. एके दिवशी सलीमने एक चिमणी पाडली. हातात घेऊन पाहतो, तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग! अशी चिमणी त्याने पूर्वी पाहिली नव्हती. धर्माप्रमाणे हा पक्षी खावा की न खावा, अशी शंका त्याच्या मनात आली. शंका घेऊन तो मामाकडे गेला. मामालाही हा पक्षी कोणता, ते सांगता येईना. मामा मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. निसर्गाचा अभ्यास करणारी ही संस्था १८८३ मध्ये स्थापन झाली होती. मामांनी संस्थेचे सचिव मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली आणि भाच्याला त्यांच्याकडे पाठवले.

दहा-बारा वर्षांचा एक हिंदी मुलगा कागदात मेलेली चिमणी गुंडाळून इंग्रज अधिकाऱ्यासमोर उभा राहिला. त्याच्या मनात किती भीती असेल, याची कल्पना करा. पण मिलार्ड साहेबांनी त्याला प्रेमाने जवळ बोलावले. ही पिवळ्या गळ्याची रानचिमणी आहे, हे त्यांनी ओळखले. मग त्यांनी कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी त्या मुलाला दाखवले. आपल्या देशात इतके प्रकारचे पक्षी आहेत, हे पाहून सलीम थक्क झाला. मिलार्ड यांनी त्याला पक्ष्यांवरची पुस्तके वाचायला दिली. पक्ष्यांची कातडी टिकवून कशी ठेवायची, नोंदी कशा करायच्या, हेही त्याला तेथे शिकायला मिळाले. खावा की न खावा, या प्रश्नातून एक मोठा प्रश्न जन्माला आला होता. हा पक्षी कोणता, तो कोठे राहतो आणि तो स्वतः काय खातो?

तुम्हांला वाटेल, की पुढे मोठे शास्त्रज्ञ झालेले सलीम शाळेत फार हुशार असतील. तसे नव्हते. त्यांना सतत डोकेदुखीचा त्रास होई. त्यामुळे शाळा वारंवार बुडे. हवापालटासाठी त्यांना काही काळ सिंध प्रांतात नातेवाइकांकडे ठेवण्यात आले. १९१३ मध्ये ते मॅट्रिकची परीक्षा कशीबशी पास झाले. सेंट झेवियर महाविद्यालयात नाव घातले, पण पहिलेच वर्ष जड गेले. तेव्हा ते शिक्षण सोडून ब्रह्मदेशात गेले. तेथे त्यांच्या कुटुंबाचा खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय होता. धंद्यात त्यांचे मन फारसे रमले नाही. आजूबाजूच्या घनदाट रानातले पक्षी मात्र त्यांनी मनसोक्त पाहिले.

१९१७ मध्ये मुंबईला परतल्यावर त्यांनी व्यापारी कायदा आणि हिशेब यांचे शिक्षण घेण्यास सुरुवात केली. त्याच वेळी सेंट झेवियर महाविद्यालयातील फादर ब्लॅटर यांनी त्यांची खरी आवड ओळखली आणि प्राणिशास्त्र शिकण्याचा आग्रह धरला. सकाळी हिशेबाचे वर्ग आणि नंतर प्राणिशास्त्राचे, असा त्यांचा दिवस जाई. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे ब्रह्मदेशातला धंदा बुडाला आणि पोटासाठी नोकरी शोधण्याची वेळ आली.

नोकरी तरी कोठे मिळणार? सरकारच्या प्राणिसर्वेक्षण संस्थेत पक्षितज्ज्ञाची जागा होती. पण सलीम अलींजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती, म्हणून ती जागा त्यांना मिळाली नाही. अखेर १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, त्यांना काम मिळाले. प्राण्यांच्या नव्या दालनात येणाऱ्या विद्यार्थ्यांना माहिती सांगण्याचे ते काम होते. महिना साडेतीनशे रुपये पगार होता. दोन वर्षांनी ते रजा घेऊन जर्मनीला गेले. बर्लिनच्या संग्रहालयात प्रोफेसर श्ट्रेसमान हे पक्षिशास्त्राचे जगप्रसिद्ध जाणकार होते. त्यांच्या हाताखाली सलीम अलींनी शास्त्रीय अभ्यासाची पद्धत आत्मसात केली. पक्ष्यांच्या पायात क्रमांकाचे कडे घालून त्यांचा प्रवास कसा शोधतात, हेही त्यांनी जर्मनीत पाहिले.

१९३० मध्ये ते मोठ्या उत्साहाने मायदेशी परतले आणि पाहतात तो काय, पैशाअभावी संग्रहालयातील त्यांची जागाच रद्द झालेली! वय चौतिशीकडे झुकलेले, हाती नोकरी नाही, पदवी नाही. अशा वेळी कोणीही खचून गेला असता. सलीम आणि तेहमिना यांनी खर्चाची मुंबई सोडली आणि समुद्रकाठच्या किहीम गावी बिऱ्हाड केले. भोरहून वरंधा घाट उतरून महाडला गेलात, की तुम्ही रायगड जिल्ह्यात पोहोचता. याच जिल्ह्यात, अलिबागजवळ किहीम आहे. त्या काळी या जिल्ह्याला कुलाबा म्हणत.

किहीमला घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. बेकारीच्या त्या पावसाळ्यात सलीम अली रोज आडोशाला बसून त्या घरट्यांकडे पाहत राहिले. कोणता पक्षी केव्हा आला, त्याने काय आणले, कोणते घरटे कोठवर विणून झाले, याची ते बारकाईने नोंद ठेवीत. त्यातून एक नवीनच गोष्ट उघड झाली. आपण सुगरण हा शब्द स्त्रीलिंगी वापरतो, पण घरटे विणतो तो नर! तो अर्धे घरटे विणून थांबतो. मग माद्या येऊन घराची तपासणी करतात. एखादीला घर पसंत पडले, की ती तेथे राहते आणि नर उरलेले घरटे पूर्ण करतो. मादी अंड्यांवर बसली, की नर दुसऱ्या घराची उभारणी सुरू करतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. कोणाचेही घर पसंत पडले नाही, तर त्याला ते अर्धेच सोडून द्यावे लागते. झाडाखाली पडलेली किंवा फांदीला तशीच लटकणारी अर्धवट घरटी तुम्ही पाहिली असतील. त्यांचे कारण हे आहे. सलीम अलींचा हा अभ्यास छापून आला आणि जगातील पक्षितज्ज्ञांना त्यांचे नाव ठाऊक झाले. नोकरी गेली नसती, तर कदाचित हा शोध लागलाही नसता.

कोकणात त्यांनी आणखी एका गोष्टीचा मागोवा घेतला. आंब्याच्या झाडावर वाढणारे बांडगूळ तुम्हांला माहीत आहे. ते आंब्याच्या फांदीतून रस शोषून घेते. हे बांडगूळ एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाते तरी कसे? त्याला पाय नाहीत, पंख नाहीत. सलीम अलींनी दाखवून दिले, की त्याला पंख पुरवतात ते लहानसे पक्षी. शिंजीर पक्षी मध पिण्यासाठी बांडगुळाच्या फुलात चोच घालतो आणि परागकण एका फुलावरून दुसऱ्या फुलावर नेतो. त्यामुळे फळ धरते. ते फळ फुलटोच्या खातो. फळातले बी चिकट असते. ते पक्ष्याच्या पोटातून तसेच बाहेर पडते आणि फांदीला चिकटून रुजते. पक्ष्याला खाऊ मिळतो, बांडगुळाला नवीन झाड मिळते आणि आंब्याचे मात्र नुकसान होते. कोण कोणाला खातो आणि त्यामुळे तिसऱ्याचे काय होते, या गुंतागुंतीच्या विणीला आज शास्त्रात अन्नजाळे म्हणतात. सुगरणीच्या घरट्यासारखेच ते असते. एक काडी ओढली, की दुसरीकडचे विणकाम सुटू लागते.

पुढे सलीम अलींना एक कल्पना सुचली. देशात त्या वेळी अनेक संस्थाने होती. आपले भोर हेही १९४८ पर्यंत संस्थानच होते. अनेक संस्थानांतील पक्ष्यांची नीट नोंद झालेली नव्हती. सलीम अलींनी संस्थानिकांना कळवले, की मी पगार न घेता पक्ष्यांची पाहणी करीन, तुम्ही फक्त प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्या. १९३१ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानापासून या कामाला सुरुवात झाली. त्यानंतर त्रावणकोर आणि कोचीन, पुढे मध्य भारत, कच्छ आणि इतर प्रदेश त्यांनी पालथे घातले. कधी बैलगाडीतून, कधी उंटावरून, तर कधी पायी प्रवास करावा लागे. रानात तंबू ठोकून राहावे लागे. तेहमिना बेगमांचे बालपण सुखवस्तू घरात गेले होते, तरी त्या हसतमुखाने रानात राहिल्या. मुक्कामाची सारी व्यवस्था त्या पाहत आणि पतीच्या लिखाणातली भाषा सुधारून देत. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. सलीम अलींच्या जीवनातील हा सर्वांत मोठा आघात होता. त्यानंतर बहीण कमू आणि मेहुणे हसन अली यांनी त्यांना आपल्या घरी आधार दिला. दुःखातून बाहेर येण्यासाठी त्यांच्याजवळ एकच मार्ग होता, तो म्हणजे काम.

१९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. पक्ष्याचे रंगीत चित्र आणि समोर सोप्या भाषेत माहिती, अशी त्याची मांडणी होती. सामान्य माणसाला त्या पुस्तकाने पक्षी ओळखायला शिकवले. पुढे अमेरिकेचे पक्षितज्ज्ञ डिलन रिप्ले यांच्याबरोबर त्यांनी भारत आणि पाकिस्तान यांतील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ लिहिला. त्याचा पहिला खंड १९६८ मध्ये आणि दहावा १९७४ मध्ये निघाला. पक्ष्यांनी माणसांच्या सीमा मानल्या नाहीत, म्हणून ग्रंथानेही त्या मानल्या नाहीत. या ग्रंथात पक्ष्यांच्या रंगरूपाबरोबर आवाज, घरटे आणि अन्न यांचीही माहिती दिलेली आहे.

अन्नाची माहिती ते कशी मिळवीत? तीन मार्ग होते. पहिला मार्ग, पक्षी खात असताना पाहणे. दुसरा, पाहणीसाठी मिळवलेल्या पक्ष्याचे पोट उघडून त्यात काय आहे ते तपासणे. तिसरा, पक्ष्याची विष्ठा आणि त्याने ओकलेली हाडे-पिसे पाहणे. हे मार्ग चांगले आहेत, पण त्यांना मर्यादा आहेत. पोटात सापडते ते शेवटचे जेवण. काल काय खाल्ले, मागच्या महिन्यात काय खाल्ले, ते पोट सांगत नाही. मऊ अळी लगेच विरघळून जाते आणि टणक बी मात्र शिल्लक राहते. त्यामुळे पक्षी फक्त बियाच खातो, असा चुकीचा समज होऊ शकतो.

भाटघरच्या जलाशयावर पाणकावळा बुडी मारून मासा वर आणतो, तो आपण काठावरून पाहू शकतो. पण समुद्रपक्ष्यांचे काय? वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर सुरय पक्षी घरटी करतात. अन्नासाठी ते दूर समुद्रावर उडत जातात. काही समुद्रपक्षी तर वर्षातले कित्येक महिने जमिनीवर पाऊलही ठेवत नाहीत. पावसाळ्यातील वादळात एखादा थकून कोकणच्या किनाऱ्यावर येऊन पडतो, तेव्हाच आपल्याला तो दिसतो. तो खोल समुद्रात काय खातो, हे पाहायला दुर्बीण घेऊन कोण जाणार?

या प्रश्नावर शास्त्रज्ञांनी एक सुंदर उपाय शोधला आहे. तो समजून घेऊ. कार्बन आणि नायट्रोजन ही मूलद्रव्ये प्रत्येक सजीवाच्या शरीरात असतात. कार्बनचे सगळे अणू सारख्याच वजनाचे नसतात. बहुतेक हलके असतात, पण शंभरात एखादा किंचित जड असतो. नायट्रोजनचेही तसेच आहे. त्यात हजारात सुमारे चार अणू जड असतात. एकाच घरातले हे हलके आणि जड भाऊ होत. त्यांना समस्थानिके म्हणतात. यांतले काही भाऊ काळाबरोबर फुटून दुसऱ्याच द्रव्यात बदलतात. हे मात्र कायम तसेच राहतात, म्हणून त्यांना स्थिर समस्थानिके म्हणतात.

आता गंमत पाहा. प्राणी अन्न खातो, तेव्हा त्यातला हलका नायट्रोजन त्याच्या शरीरातून अधिक सहज बाहेर पडतो आणि जड नायट्रोजन मागे राहतो. म्हणून खाणाऱ्याच्या शरीरात जड नायट्रोजनचे प्रमाण खाद्यापेक्षा थोडे वाढते. ही वाढ दर पायरीला साधारण हजारी तीन ते चार इतकी असते. पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींना बारीक जीव खातात, त्यांना लहान मासा खातो, लहान माशाला मोठा मासा खातो आणि त्याला पक्षी खातो. प्रत्येक पायरीवर आकडा चढत जातो. त्यामुळे पक्ष्याच्या शरीरातील नायट्रोजन मोजला, की तो अन्नाच्या जिन्यात कितव्या पायरीवर उभा आहे, ते कळते.

कार्बन दुसरी गोष्ट सांगतो. अन्न कोठून आले, ते. किनाऱ्याजवळच्या पाण्यातला आणि दूर समुद्रातला कार्बन यांत सहसा फरक असतो. जमिनीवरही असा फरक आढळतो. भोर-वेल्ह्याकडे भात पिकतो, तर जिल्ह्याच्या पूर्वेला इंदापूर-बारामतीकडे ज्वारी, बाजरी आणि ऊस. भाताचे रोप हवेतला कार्बन एका रीतीने घेते आणि ज्वारी, बाजरी, मका, ऊस दुसऱ्या रीतीने घेतात. त्यामुळे ज्वारी-बाजरीत जड कार्बनचे प्रमाण भातापेक्षा जास्त असते. दाणे खाणाऱ्या पक्ष्याच्या पिसातला कार्बन मोजला, तर तो भातावर वाढला की ज्वारीवर, याचा अंदाज बांधता येतो. म्हणजे पक्ष्याचे पीस हे त्याच्या जेवणाचे रोजनामचेच म्हणा!

अमेरिकेतील मायकेल डिनिरो आणि सॅम्युएल एप्स्टाइन यांनी १९७८ मध्ये कार्बनबद्दल आणि १९८१ मध्ये नायट्रोजनबद्दल आपले प्रयोग प्रसिद्ध केले. प्राण्याच्या शरीरावर अन्नाची अशी खूण राहते, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे कॅनडाचे कीथ हॉब्सन आणि त्यांचे सहकारी यांनी ही पद्धत समुद्रपक्ष्यांना लावली. समुद्रपक्ष्यांचे अन्नजाळ्यातील स्थान ठरवणारा त्यांचा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. सलीम अली त्यापूर्वीच हे जग सोडून गेले होते. ही पद्धत त्यांनी स्वतः वापरली नाही.

मग त्यांच्या जीवनकथेत ही गोष्ट कशासाठी, असे तुम्ही विचाराल. त्याचे कारण असे. पीस एकदा पूर्ण वाढले, की ते निर्जीव होते. आपल्या केसांसारखे किंवा नखांसारखे. त्यानंतर पक्षी काहीही खाओ, त्या पिसातली खूण बदलत नाही. पक्षी मेला, शंभर वर्षे संग्रहालयाच्या खणात पडून राहिला, तरी ती खूण तशीच राहते. म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ आज संग्रहालयांतील जुन्या पक्ष्यांची पिसे तपासतात. शंभर वर्षांपूर्वी समुद्रपक्षी मोठे मासे खात होते आणि आता त्यांना लहान जीवांवर भागवावे लागते का, हे त्यांना त्यातून शोधता येते. अशा कामाला नुसता जुना पक्षी पुरत नाही. तो कोणत्या गावी, कोणत्या तारखेला मिळाला, ते नेमके लिहिलेले असावे लागते. सलीम अली आणि त्यांचे सोबती प्रत्येक पक्ष्याच्या पायाला चिठ्ठी बांधून त्यावर गाव, तारीख आणि इतर माहिती लिहीत. त्या चिठ्ठ्या आणि ते पक्षी मुंबईत सोसायटीच्या संग्रहात जपून ठेवलेले आहेत. चिठ्ठी लिहिताना पुढे तिचा कोणकोणता उपयोग होईल, हे त्यांना कसे ठाऊक असणार? पण काम चोख केले, की ते अशा न पाहिलेल्या दिवसांनाही उपयोगी पडते.

आणखी एक लक्षात ठेवा. पिसातला आकडा पक्षी कितव्या पायरीवर आहे ते सांगतो, पण त्याने बांगडा खाल्ला की तारली, हे नाव सांगत नाही. नाव सांगण्यासाठी पाहणारा डोळा लागतोच. म्हणून नवे यंत्र आले, तरी जुनी नोंदवही रद्द होत नाही.

अन्नजाळे किती नाजूक असते, याचा एक धडा सलीम अलींच्या हयातीतच मिळाला. राजस्थानातील भरतपूरची पाणथळ जागा पूर्वी महाराजांच्या शिकारीची होती. तेथे हिवाळ्यात दूरदेशीचे हजारो पक्षी उतरतात. ही जागा पक्ष्यांसाठी राखून ठेवावी, म्हणून सलीम अलींनी अनेक वर्षे खटपट केली आणि तिला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. तेथे गावकऱ्यांच्या म्हशी चरत. चराई बंद करावी, असे सलीम अलींचे आणि इतर तज्ज्ञांचे मत होते. १९८२ मध्ये चराईवर बंदी आली. गावकऱ्यांनी विरोध केला आणि त्या संघर्षात काही माणसांचे प्राणही गेले. पुढे काय झाले? म्हशी गेल्या आणि गवत बेसुमार वाढले. गवताने पाणी झाकून टाकले आणि अनेक पाणपक्ष्यांना अन्न मिळवणे कठीण झाले. म्हैस पाण्यातले गवत खात होती, म्हणून पक्ष्यांसाठी पाणी मोकळे राहत होते. ही गोष्ट कोणी शोधून काढली? सलीम अलींच्याच सोसायटीने तेथे अनेक वर्षे अभ्यास केला होता, त्या अभ्यासातून ती पुढे आली. मोठ्या माणसाचे मतही पाहणीच्या कसोटीवर घासून पाहायचे असते. त्यांनी घालून दिलेल्या शिस्तीनेच त्यांचे मत तपासले गेले. खऱ्या शास्त्राची रीत अशी असते.

सलीम अली वृद्धापकाळापर्यंत काम करीत राहिले. १९५९ पासून त्यांच्या पुढाकाराने सोसायटीने पक्ष्यांना कडी घालण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू केले. केरळातील सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणात बुडू नये, म्हणून ज्यांनी आवाज उठवला, त्यांत ते होते. १९८४ मध्ये ते जंगल राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाले. सरकारने त्यांना १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७६ मध्ये पद्मविभूषण हे किताब दिले. पदवी नाही म्हणून ज्यांना एकेकाळी नोकरी नाकारली गेली, त्यांना अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने आणि इतर विद्यापीठांनी सन्मानाने डॉक्टर ही पदवी दिली. गेटी पारितोषिकाची मोठी रक्कम मिळाली, ती त्यांनी निसर्गरक्षणाच्या कामासाठी देऊन टाकली. १९८५ मध्ये राज्यसभेवर त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याच्या नावात त्यांनी लहानपणी पाडलेल्या त्या चिमणीलाच स्थान दिले. जून १९८७ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मागे त्यांचे नाव अनेक ठिकाणी राहिले आहे. कोइमतूरची पक्षिशास्त्राची संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते. गोव्यातील चोडण बेटावरचे पक्षी अभयारण्यही त्यांच्याच नावाचे आहे. महाराष्ट्रात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. त्याचा शेवटचा दिवस म्हणजे सलीम अलींचा जन्मदिवस.

विद्यार्थी मित्रांनो, सलीम अलींना लहानपणी आई-वडील नव्हते, प्रकृती धड नव्हती, परीक्षेत यश नव्हते. पुढे नोकरीही गेली. त्यांच्याजवळ होती ती एक शंका, एक वही आणि थांबून पाहण्याची सवय. यांतले काहीही विकत घ्यावे लागत नाही. येत्या पावसाळ्यात विहिरीकाठच्या बाभळीवर सुगरणी विणू लागल्या, की एखादा आडोसा पाहून शांत बसा. नर चोचीत काय आणतो, अर्धी घरटी किती राहतात, पिलांना कोणता किडा भरवला जातो, हे दिवस आणि वेळ घालून वहीत लिहून ठेवा. उर्दूत लिहा किंवा मराठीत लिहा, पण जे दिसले तेच लिहा. मग कोणी तुम्हांला विचारले, की हा पक्षी शेतकऱ्याचा शत्रू की मित्र, तर तुम्ही ऐकीव उत्तर देणार नाही. आपली वही उघडून दाखवाल.